पुलावरचा भालेवाला

वालाच्या शेंगा रोह्याच्या बाजारात आल्या की थंडी पडली असं आम्ही समजतो. थंडी तरी कसली! पहाटे अंगण झाडताना पावलांना गार लागतं, पहिल्या शिफ्टला धाटावच्या कंपन्यांत निघालेली माणसं कानाला रुमाल बांधून गाडीला किक मारतात, तेवढीच. पण बांधावर भांबुर्डी माजलेली असते. त्या पाल्यात एकदा हात घातला की दिवसभर बोटांना उग्र वास येत राहतो. आमच्याकडे त्या वासानं सगळ्यांना पोपटी आठवते. मडक्यात खाली पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. बसलेल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र त्या वासानं पोटात, बेंबीच्या जरा वर, चरचरल्यासारखं होतं. ते मला चांगलं ओळखू येतं. एका थंडीत ते आमच्या वरसे गावातल्या घरात मुक्कामाला होतं, आणि माझ्याच ताटात जेवत होतं.

त्या थंडीत निलेशचा, माझ्या नवऱ्याचा, उजवा हात मोडलेला होता. कंपनीतून घरी येताना खडीवर गाडी घसरली आणि मनगट दगडावर आपटलं. आत पट्टी बसवली, प्लॅस्टर घातलं, प्लॅस्टर काढलंही. पण बोटं धड उघडेनात, धड मिटेनात. अर्धवट मिटलेली मूठ तशीच राहिली, कुणाला तरी काहीतरी द्यायला निघाला आणि मध्येच विसरला अशी. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर कायमची आखडतील. निलेश प्लान्टवर व्हॉल्व्ह चालवायचा. वरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, हात चालू झाला की ये. हात चालू झाला नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मी घरात ब्लाउज शिवते. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी, उजेडासाठी. टीव्ही माझ्या पाठीमागे. सकाळी गरम पाण्यात मीठ टाकून मी त्याचा हात बुडवायची. स्पंजचा चेंडू त्याच्या मुठीत द्यायची. एकेक बोट धरून हळू वाकवायची, सरळ करायची. माझ्या माहेरी, पेणच्या खाडीकडच्या गावात, बाबा मिठागरात कामाला होते. मीठ जमायला वाट बघावी लागते, घाई करून चालत नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून मी घाई करत नव्हते. पण निलेश मला हाताजवळ येऊच देत नव्हता.

“सोड. दुखतंय.”

“दुखणारच. थोडं सोस ना.”

“तुला काय जातंय सोस म्हणायला?”

आणि तो हात मागे घ्यायचा. मी चेंडू उचलून खिडकीत ठेवायची. त्याला अंघोळ मी घालत होते, भात कालवून मी देत होते, शर्टाची बटणं मी लावत होते. अशा वेळी माणसाला करणाऱ्याचाच राग येतो हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? राग माझ्याच वाट्याला येत होता.

मग प्राची आली.

प्राची माझी नणंद. पेणला मावशीकडे राहते, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. तिची बोटं बघावीत. लांब, सडपातळ, कधी थरथरायची नाहीत. त्या दिवसांत कारखान्यात नुसतं साच्यांचं काम चाललं होतं, आखणीला अजून अवकाश होता, म्हणून ती दादाला बघायला आली. सकाळी निघालेली बाई दुपारी पोचली, पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन. उंबऱ्यातच म्हणाली, “वडखळला अडकले गो वहिनी. गाडी हलायलाच तयार नाय.”

सॅकमधून तिनं कपडे काढले नाहीत. तिचं जुनं गेम खेळायचं यंत्र काढलं, वायरी काढल्या, टीव्हीच्या मागे शिरली, आणि दोन हातांनी धरायचा तो रिमोट निलेशच्या मांडीवर ठेवला.

“मला नाय जमायचं प्राचे. बोटं बघ.”

“बोटं कोण मागतंय? तू नुसता धर तर खरं. लहानपणी माझा प्रत्येक गेम तूच मारून द्यायचास, आठवतं काय?”

मी मशीनवर होते. बाहीला पट्टी लावत होते. पाठीमागे तलवारीचा आवाज, माझ्या नवऱ्याचं “अरे, अरे, अरे!”, मग प्राचीचं खळखळून हसणं, आणि मग त्याचं. किती दिवसांनी मी ते हसणं ऐकलं. मी वळून पाहिलं. रिमोटच्या वरच्या कडेला एक बटण असतं, तर्जनीनं दाबायचं. निलेशची तर्जनी त्यावर होती, आणि वाकत होती. मी दोन महिने मीठपाण्यात बुडवून, फुंकर घालून, देवाला नारळ बोलून जे बोट वाकवायला बघत होते, ते बोट बहिणीनं मांडीवर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यावर आपसूक वाकत होतं.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण त्याच्या मागोमाग, त्याच दारातून, दुसरंही काहीतरी आत आलं. मी परत मशीनकडे तोंड केलं आणि पायडल इतक्या जोरात मारलं की सुई तुटली.

त्या खेळात सुरुवातीलाच एक पूल होता. दगडी, मधूनच ढासळलेला, खाली धुकं. पुलावर लोखंडात मढवलेला एक आडदांड माणूस भाला घेऊन उभा. तो मेल्याशिवाय पुढच्या शहराचं दार उघडत नाही. म्हणजे खरा खेळ त्याच्या पलीकडे, आणि हा अगदी अलीकडे. आपला माणूस त्याच्यापुढे एवढासा, अंगावर फाटकी घोंगडी. दोन फटक्यांत मरायचा आणि पुलाअलीकडच्या विहिरीपाशी पुन्हा उठून उभा राहायचा. निलेश मरायचा, उठायचा, मरायचा. प्राची म्हणाली, “हा पूल म्हणजे वडखळचा नाका. इथं सगळेच अडकतात.” तेव्हापासून घरात त्या पुलाला वडखळच म्हणायला लागले. सासूबाईसुद्धा. त्या दारात वाल निवडत बसायच्या आणि मधूनच विचारायच्या, “काय रं, अजून वडखळलाच काय? त्या भालेवाल्याला जेवायला बिवायला नाय? सारका आपला उभा.”

सगळे हसायचे. मीही हसायची. पण ते शब्द, ते चिडवणं, लहानपणी कुणी कुणाचा कुठला गेम हरवला त्या गोष्टी, हे सगळं त्या दोघांचं होतं. मी लग्न करून आले तेव्हा ते आधीच भरलेलं होतं. निलेश तिला “प्राचे” म्हणायचा त्या सुरात मला त्यानं कधी हाक मारलेली नव्हती. तिनं “असं नाय रे येड्या, डावीकडं” म्हणून त्याचा दुखरा हात खस्सकन ओढला, तरी तो ओरडला नाही. मी ओढला असता तर?

प्राची पेणला परत गेली, यंत्र ठेवून. “दादा, तूच मार त्याला. मारलास की पहिला फोन मला.”

“पहिला तुलाच,” तो म्हणाला.

ती गेल्यावर घर शांत झालं. म्हणजे भालेवाला होताच, पण हसणं गेलं. एकदा मी धीर करून म्हटलं, “मी बसू का बाजूला?”

“तुला नाय समजायचं ते,” निलेश म्हणाला. रागानं नाही, सहज. रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

मी मशीनवर जाऊन बसले. पण कानांना कोण अडवणार? दिवसभर पाठीमागे तोच पूल, तोच माणूस. मशीनच्या टकटकीतूनही मला तो ऐकू यायला लागला. भाला दगडावर घासत खर्रर्र आला की तो सरळ भोसकतो. अंगावरच्या कड्या खुळखुळल्या की उडी मारतो. आणि काहीच आवाज आला नाही, सगळं एकदम गप्प झालं, की सर्वांत वाईट. मग तो भाला गरागरा फिरवतो. मी हे शिकायला बसले नव्हते. शेजारणीच्या घरातली भांडणं ऐकू येतात तसं ते ऐकू येत होतं.

एका दुपारी काज करता करता माझ्या तोंडून निघून गेलं, “उडी मारेल आता.”

निलेश बाजूला झाला. भालेवाला उडी मारून रिकाम्या दगडावर आदळला.

“तुला कसं कळलं गो? तुझी तर पाठ हाय.”

“कड्या वाजल्या ना.”

तो पुढच्याच फटक्यात मेला. मग म्हणाला, “मशीन जरा थांबव. तू नुसतं सांग.”

त्यानंतर आमच्या दुपारी तशाच जायला लागल्या. मी खिडकीकडे तोंड करून हातशिलाई करायची, आणि तो खेळायचा. “भोसकतोय. सर बाजूला. आता मार. थांब, थांब, गप्प झालाय, लांब जा!” तो लांब जायचा. त्याची मधली बोटंही हलायला लागली. मग करंगळी. आम्ही नवराबायको वर्षानुवर्षं इतकं एकमेकांशी बोललो नसू, आणि तेही एकमेकांकडे न बघता. भालेवाला अर्धा मेला की भाला फेकून द्यायचा आणि नुसत्या हातांनी अंगावर धावायचा. तिथं आम्ही मरायचो. त्याच्या पावलांचा आवाज मला अजून लागत नव्हता. पण लागत आला होता. मला वाटत होतं, आज नाही तर उद्या आम्ही दोघं मिळून त्याला मारणार. “आम्ही” हा शब्द मी मनातल्या मनात वापरायला लागले होते.

प्राची रविवारी पोपटीला येणार होती. मी शेंगा आणायला रोह्याच्या बाजारात गेले. ब्लाउजही द्यायचे होते. बाजारातल्या बाईनं शेंगा पसरून ठेवलेल्या, हिरव्या, टपोऱ्या. मी निवडून घेत उभी राहिले, घाई केली नाही. परत आले तर आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत निलेशचा आवाज येत होता. मला वाटलं, पडला की काय हा. धावतच आत गेले.

तो खोलीच्या मधोमध उभा होता. टीव्हीवर पूल रिकामा, पलीकडचं दार सताड उघडं. त्याच्या हातात मोबाईल, उजव्या हातात, पूर्ण पंजात घट्ट धरलेला. मोबाईलमध्ये प्राची, रडते आहे की हसते आहे कळत नव्हतं.

“मेला! प्राचे, मेला गो तो!” मग मी दिसले. “वैशू, मेला!”

मी पिशवी खाली ठेवली. हात बघितला. पाचही बोटं मोबाईलभोवती वळलेली होती. याच्यासाठी तर मी देवाला नारळ बोलले होते. मी म्हटलं, “बरं झालं. हातपाय धुऊन येते.”

मोरीत पाणी घेताना मी स्वतःला समजावत होते. वचन दिलं होतं त्यानं, पहिला फोन तिला. तू घरात नव्हतीस. शेंगांनी उशीर केला. सगळं खरं होतं. पण मला वाटत होतं, अर्धा तास थांबता आलं नसतं? भालेवाला कुठं पळून जाणार होता? तो तर कायमचा पुलावर उभा.

रविवारी मागच्या वाडीत जाळ केला. मडकं तापलं, पाल्याचा वास गल्लीभर पसरला, शेजारपाजारची माणसं जमली. प्राची सगळ्यांना सांगत होती, दादानं वडखळ कसं पार केलं. निलेशनं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, “हिनं यंत्र आणलं म्हणून हात वाचला माझा.” त्याच हातानं तो शेंगा सोलून तिच्या पुढ्यात टाकत होता. माझ्याही टाकल्या. तिच्या जास्त होत्या असं मला वाटलं. होत्याच.

“तोंड का गो असं?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“शेंग किडकी निघाली.”

त्यांनी माझ्या हातातली शेंग घेतली, चांगली न्याहाळली, आणि खाऊन टाकली.

निलेश कामावर रुजू झाला. शिफ्टची बस पकडायला तो स्वतःच्या हातानं बटणं लावून निघाला तेव्हा घरभर सण असल्यासारखं वाटलं. त्या दुपारी मी ब्लाउज बाजूला सारले, टीव्ही लावला आणि पहिल्यापासून नवा खेळ सुरू केला. माझा. यंत्रानं नाव विचारलं तर मी वैशाली लिहिलं.

ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं, हे पहिल्याच दिवशी कळलं. कान म्हणायचे डावीकडे, अंगठा जायचा उजवीकडे. मी मेले की सासूबाई च्च करायच्या. घरात कुणी नसताना त्या माझ्या बाजूच्या झाल्या होत्या. “त्याच्या मागं जा की गो! समोरून कशाला जातेस, तो काय पावना हाय?” दुपारमागून दुपार मी मरत होते. माझं शिवण मागे पडलं, बायका ब्लाउजसाठी दारात यायला लागल्या. मी प्राचीच्या बोटांचा विचार करत मरत होते. निलेशच्या हसण्याचा विचार करत मरत होते. पुलावर लोखंडातला तो माणूस दिसायचा, आणि कधीकधी त्याच्या जागी मला ते दोघं बहीणभाऊ दिसायचे, खांद्याला खांदा लावून, वाट अडवून.

आणि मग एक दिवस त्यानं भाला फेकला, धावत आला, आणि मला त्याची पावलं कळली. जड, जड, मग एक हलकं. हलक्या पावलानंतर तो हात उचलतो. मी हलकं पाऊल ऐकलं, त्याच्या बगलेखालून सरकले आणि मारलं. पुन्हा. पुन्हा. तो गुडघ्यावर आला. मग पुलाच्या कडेवरून धुक्यात गेला.

“पडला काय?” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मांडीवरचे वाल घरभर झाले.

“पडला आई.”

“बरा पडला मेला!” आणि त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

निलेशला फोन लागणार नव्हता, प्लान्टमध्ये मोबाईल नेत नाहीत. पण खरं सांगायचं तर मला त्याला लावायचाच नव्हता. मला प्राचीला सांगायचं होतं. तिला कळायला हवं होतं.

“वहिनी? काय झालं?”

“मी मारला गो त्याला. भालेवाल्याला. एकटीनं.”

पलीकडे कारखान्यात कुणीतरी पत्रा सरकवल्याचा आवाज. मग प्राची म्हणाली, “खरं सांगू? मला तो कधीच मारता आला नाय. म्हणून तर यंत्र दादाकडं आणलं. आणि त्याचा फोन आला ना, तेव्हा मी रडले. वाटलं, मोडक्या हातानं पण ह्यानं मारला. आता तू पण.” थोडं थांबून म्हणाली, “जळतेय गो मी.”

इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि ते किती सहज बोलून मोकळी झाली.

“त्या दिवशी फोनवर दादा एकच सांगत बसला,” ती म्हणाली. “वैशूनं कान दिले म्हणून मारला. आख्खा वेळ तेच. मी म्हटलं, बरं बाबा, कळलं.”

फोन ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. आणि मी काय विचार करत बसले? हे तो तिला म्हणाला. मला नाही म्हणाला. माझंच कौतुक, तेही तिच्या पदरात पडलं.

संध्याकाळी निलेश आला. मी सांगितलं. तो बुटांची नाडी सोडत होता, तसाच थांबला.

“एकटीनं? मला न सांगता?”

“हो.”

“शेवटची धाव कशी चुकवलीस?”

“एक हलकं पाऊल पडतं. त्यानंतर.”

“हलकं पाऊल?” तो म्हणाला. “मला नाय कधी ऐकू आलं. माझा तो नशिबानं मेला.” आणि त्याचं तोंड जरासं पडलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, मी ओळखलं, घरचंच होतं ते. इतकं बरं वाटलं मला! त्या रागानं त्यानं चहासुद्धा उशिरा प्यायला.

यंदा पुन्हा शेंगा आल्यात. प्राची आली आहे. कारखान्यात अजून साचेच चालू आहेत. काल दुपारी ती रिमोट घेऊन टीव्हीपुढे बसली, मी मशीनवर, पाठ करून. निलेश शिफ्टला. पाठीमागे भाला दगडावर घासला, खर्रर्र. मला ऐकू आलं. मी गप्प बसले. प्राची मेली. पुन्हा उठली. कड्या खुळखुळल्या. मी दोरा ओवत राहिले. प्राची मेली.

“वहिनी,” ती न वळता म्हणाली, “तुला ऐकू येतंय. बोल ना गो.”

मला हसू फुटलं. दोरा सुटला. “बरं बाई. सर डावीकडं. आता मार.”

ऊन कलेपर्यंत आम्ही दोघी त्याच्यापाठी लागलो. सासूबाई मध्येच दोघींना शिव्या घालून चहा ठेवून गेल्या. शेवटी हलकं पाऊल पडलं, मी ओरडले, प्राचीनं मारलं आणि तो धुक्यात गेला. ती किंचाळून उभी राहिली. मी मशीनवरून उठले, तिच्याकडे वळले. तिनं मोबाईल उचलला आणि दादाला फोन लावला.

मी तिथंच उभी, हाताच्या अंतरावर. पोटात, बेंबीच्या वर, चर्र झालं.

“उचलत नाय,” ती म्हणाली.

“प्लान्टमध्ये असेल. मला सांग की, मी आहे ना!”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले.

“तुला काय सांगू? तू होतीस ना.”

आणि परत फोन लावला.